शिवलेलं शेवटचं प्रकरण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे विश्वस्त माननीय अनंता पाटील, प्रमुख पाहुण्या ॲडव्होकेट वैदेही कारखानीस, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते हरिचंद्रराव भोईर, व्यासपीठावर बसायला नकार देऊन पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी मोतीबाई, शनिवार मंडळाचे सभासद, आणि खरवई, चिखलोली, अंबरनाथ, उल्हासनगर इथून आलेले वाचकहो, सर्वांना जयभीम आणि नमस्कार.

व्यासपीठावरून बोलण्याची माझी सवय मोडली आहे. पूर्वी कॉलेजात रोज मराठी शिकवत असे. आता घरी बसून प्रकाशकांची मुद्रितं तपासतो. त्या कामात बोलावं लागत नाही. तेव्हा मधेच आवाज बसला तर मागच्या रांगेने हात वर करावा.

हरिचंद्ररावांनी मला एक अट घातली आहे. मागच्या शनिवारी ते म्हणाले, "मास्तर, माझी स्तुती केलीत तर मी उठून जाईन. पुस्तकांवर बोला. कोर्टाच्या कादंबऱ्या कशाने जमतात आणि कशाने फसतात, ते सांगा. इतकी वर्षं आपण दुसरं काय केलं?"

मी विचारलं, "आणि तुमच्याबद्दल काहीच नको?"

म्हणाले, "त्यातनं जेवढा मी निघेन तेवढा निघू द्या."

अट मान्य आहे. अध्यक्षांनी मात्र घड्याळ टेबलावर काढून ठेवलं आहे, हे मी पाहिलं. अध्यक्षमहाराज, इतकी वर्षं होणार होणार म्हणून ऐकतोय, ते चिखलोलीचं स्टेशन होण्याआधी मी नक्की संपवतो.

जे नवीन आहेत त्यांना मंडळाची माहिती दिली पाहिजे. हरिचंद्रराव अंबरनाथला कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यावर इथे खरवईत राहायला आले आणि वाचायला लागले. वाचायचे फक्त कोर्टाच्या कादंबऱ्या. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "पोलिसांच्या गोष्टीत एकटा पोलीस शहाणा असतो. कोर्टात समोरच्यालाही बोलू द्यावं लागतं." एवढं एक वाक्य मी वर्गात कधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पण त्यांना एक खोड होती. ते शेवट आधी वाचत. नुसते वाचत नसत, सांगत. मोतीबाई तेच पुस्तक दुपारी वाचत असत. त्या निम्म्यावर आल्या की हे ओटीवरून ओरडत, "अगं, त्या मेव्हण्याने केलं!"

मोतीबाई मान हलवताहेत. म्हणजे खरं आहे.

मग एक दिवस मोतीबाईंनी गोधडीचा दोरा घेतला आणि शेवटच्या प्रकरणाची पानं कडेने शिवून टाकली. हरिचंद्ररावांनी पुस्तक उघडलं.

"हे काय केलंस?"

"शिवलं."

"अगं, पुस्तक लायब्ररीचं आहे."

"मग उसवताना जपून उसवा. पण आधी मला सांगा, कुणी केलं?"

त्यांनी सांगितलं. त्यांना खात्री होती. दोरा कापला, आणि ते साफ चुकले. मोतीबाई दोन दिवस हसत होत्या. तिसऱ्या दिवशी हरिचंद्रराव आपल्या वाचनालयात येऊन म्हणाले, हा खेळ चारचौघांत खेळला पाहिजे. शनिवार मंडळाचा जन्म असा झाला. आपल्या कपाटात कोर्टाच्या ज्या कादंबऱ्या आहेत, त्या सगळ्यांच्या शेवटच्या पानांना बारीक भोकं आहेत. विश्वस्तांनी त्याबद्दल एकदा बैठकीत विचारणा केली होती. आज ते अध्यक्ष आहेत म्हणून तो विषय वाढवत नाही.

मंडळाचा नियम साधा आहे. शेवटचं प्रकरण सोडून सगळ्यांनी पुस्तक वाचायचं. मग शनिवारी गोल बसायचं आणि प्रत्येकाने आपला निकाल द्यायचा. केलं किंवा नाही केलं. का, तेही सांगायचं. सगळ्यांचं झालं की मोतीबाई दोरा कापतात आणि कुणीतरी शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचतं. मग चहा.

आता पुस्तकं का फसतात, ते.

पहिलं कारण वैदेहीताईंनी सांगितलं होतं. त्या एकदा पाहुण्या म्हणून मंडळात आल्या. त्या शनिवारच्या कादंबरीत वकील पानोपानी गरजत होता. मूठ टेबलावर आपटत होता. ताई म्हणाल्या, "मी आमच्या उल्हासनगरच्या कोर्टात असं ओरडले, तर जज्जसाहेब आधी खिडकी लावायला सांगतील. त्यांना वाटेल, आवाज बाहेरून येतोय."

दुसरं कारण मी सांगतो. फसलेल्या कादंबरीत कुणी वाट पाहत नाही. खटला उभा राहतो आणि संपतो. मधे कुणी जेवत नाही, कुणाला लघवीला लागत नाही, कुणाचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला नसतो. प्रत्यक्षात माणूस सकाळी धुतलेला शर्ट घालून जातो आणि बाकावर बसतो. दुपारी पुकारा होतो. तो आत जातो. साहेब एक तारीख सांगतात. तो बाहेर येतो. सगळा दिवस एवढाच. असे दिवस वर्षानुवर्षं. लेखक म्हणेल, हे लिहिलं तर वाचक कंटाळेल. बरोबर आहे. पण ज्या लेखकाला त्या बाकाचं एक पानही लिहिता येत नाही, त्याचा निकाल आपल्याला लागत नाही. कारण आपण कशाची वाट पाहिलेलीच नसते.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण तिच्यावरून मी लेखक ओळखतो. कादंबरीत आरोपी सगळं ऐकतो. साक्षीदार खोटं बोलतो आणि आरोपीचे डोळे भरून येतात. खरं म्हणजे आरोपी मागे उभा असतो. साहेब, वकील आणि साक्षीदार पुढे, एकमेकांच्या जवळ. वर पंखा आवाज करत असतो. आरोपीला पाठमोरे कोट दिसतात. आपल्याबद्दल काहीतरी चाललं आहे, एवढं त्याला कळतं. आपला खटला आपल्याला ऐकू येत नाही. हे एका वाक्यात ज्याने लिहिलं, त्याला मी पुढची दहा पानं माफ करतो.

आणि शेवटचं कारण हरिचंद्ररावांचं. शेवटच्या प्रकरणात नवा माणूस आला, की ते हात वर करून म्हणत, "चहा आणा." दूरच्या गावाहून आलेला भाऊ. कधीच न दिसलेला माळी. त्यांचं म्हणणं असं की लेखकाला स्वतःच्या माणसांमधून निकाल काढता आला नाही, म्हणून त्याने बाहेरून मजूर आणला. कारखान्यात चालेल. पुस्तकात चालत नाही.

मग जमतं काय?

आम्ही सगळे एकाच बाजूला असलो, तर पुस्तक हलकं निघे. आम्ही भांडलो आणि दोरा कापल्यावर भांडण मिटलं, तर पुस्तक बरं. पण दोन-तीन पुस्तकं अशी आली, की दोरा कापल्यावरही भांडण मिटलं नाही. त्यातलं एक मला आठवतं. लहानसं होतं. त्यात शेवटच्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत आरोपी सुटतो. उरलेल्या पानांत तो नुसता घरी जातो. वाटेत भाजी घ्यायला थांबतो. भाजीवाली म्हणते, "लय दिवसांनी?" बास. तो मेथीची जुडी उलटीपालटी करत राहतो. पुस्तक तिथे संपतं.

ते वाचून झाल्यावर चहा आला. मोतीबाईंनी मला साखरेचं न विचारता चहा दिला.

तुम्ही म्हणाल, या माणसाला बाकाचं आणि पंख्याचं एवढं कसं ठाऊक? इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. ज्यांना नाही, त्यांना शेजारचे आत्ता कानात सांगत असतील. थांबा. मीच सांगतो. त्यांना नीट सांगता येणार नाही.

मी ज्या कॉलेजात होतो, तिथे परीक्षेचं काम माझ्याकडे असे. हल्ली पेपर परीक्षेच्या सकाळी ऑनलाइन येतो. पासवर्ड टाकायचा, छापायचा, वर्गांत न्यायचा. पासवर्ड माझ्याकडे होता. छपाईच्या खोलीत आम्ही तिघं होतो. मी, एक क्लार्क आणि एक शिपाई. एका सकाळी पेपर सुरू होण्याआधी मुलांच्या फोनवर त्याचा फोटो फिरला. फोटोत कागदाखाली आमच्या खोलीतलं टेबल होतं.

आम्हा तिघांवर खटला झाला. तिघांपैकी आधी चौकीत कुणाला नेलं, त्याची कारणं काय असतील, यावर मी खूप विचार केला आहे. ते सांगायचं हे ठिकाण नाही. फोटो कुणाच्या फोनमधून निघाला, हे सिद्ध झालं नाही. काही वर्षांनी निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन तिघांची निर्दोष मुक्तता.

वैदेहीताई माझ्या वकील होत्या. त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर मी निकालाची प्रत वाचत उभा होतो. पुन्हा पुन्हा तीच ओळ. ताई म्हणाल्या, "सर, सुटलात एवढं वाचा. का सुटलात, ते वाचू नका."

मराठीच्या प्राध्यापकाला हे जमणं कठीण.

कॉलेजने तीच ओळ वाचली आणि मला परत घेतलं नाही. क्लार्क आणि शिपाई आता कुठे असतात, मला ठाऊक नाही. एकदा उल्हासनगरला कापडाच्या दुकानात क्लार्क दिसला होता. आम्ही दोघंही एकाच वेळी दुसरीकडे पाहू लागलो. आम्हा तिघांपैकी निदान एकाला खरं काय ते माहीत आहे. तो मी नाही, असं मी म्हणतो. ते दोघंही तेच म्हणत असणार. एखाद्या लेखकाला यातून चांगली कादंबरी काढता येईल. मला येत नाही.

माझ्या पत्नीने माझ्यावर विश्वास ठेवला. "माझा तुमच्यावर विश्वास आहे," असं ती रोज म्हणत असे. रोज म्हणावं लागतं, हे दोघांच्याही लक्षात येत गेलं. मग ती म्हणेनाशी झाली. आता ती ठाण्याला मुलाकडे असते. भांडण नाही. सणाला येते.

मी या वाचनालयात येऊ लागलो, कारण इथे दुपारी कुणी नसतं. एका शनिवारी मी उठायला विसरलो आणि मंडळ जमलं. हरिचंद्रराव म्हणाले, "बसा ना मास्तर. एक खुर्ची कमी करण्यापेक्षा एक वाढवणं सोपं." मी बसलो. ते मला ओळखत होते. वर्तमानपत्रात माझा फोटो आला होता, सगळेच ओळखत होते. कुणी काही विचारलं नाही. निकाल देण्याची पाळी माझ्यापर्यंत आली, की मी म्हणायचो, "मी पास." हरिचंद्रराव पुढच्याकडे वळत. नियम मोडत होता, पण त्यांनी तो मोडू दिला.

असं बरेच महिने चाललं. मग ती कंपाउंडरची कादंबरी आली.

तिच्यात एका कंपाउंडरवर आरोप आहे. औषध बदललं आणि रोगी मेला. खटला उत्तम रंगवलेला. शेवटच्या प्रकरणाच्या आधी साहेब निकाल वाचायला चष्मा लावतात, आणि तिथून पुढे मोतीबाईंचा दोरा. आमच्यात जोरात वाद झाला. आपला प्रीतम इथेच आहे, त्याच्या परवानगीने सांगतो. त्याचं उल्हासनगरला मोबाईलचं दुकान आहे आणि तो वाद घालताना उभा राहतो. त्या दिवशीही राहिला.

"अरे, हा सुटणारच. पण सुटला म्हणजे काय झालं? पुरावा नाही मिळाला, बस. केलंच असणार यार त्याने. नाहीतर पोलीस त्यालाच का उचलतील? गल्लीत दुसरं कोणी नव्हतं काय?"

आणि मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं.

प्रत्येकजण हातातलं पुस्तक चाळू लागला. मंडळातल्या मनालीताई म्हणाल्या, "आपण पुस्तकाबद्दल बोलतोय." त्याने अवघडलेपण जास्तच झालं. प्रीतम अजून उभा होता. त्याला बसायचं कसं, ते कळत नव्हतं.

या मंडळात अशी चूक होणारच होती. निकाल लागण्याआधी निकाल द्यायचा, हाच ज्यांचा खेळ, त्यांच्यात माझ्यासारखा माणूस येऊन बसला होता. चूक प्रीतमची नव्हती. खेळाचीही नव्हती.

हरिचंद्रराव माझ्याकडे वळले. म्हणाले, "मास्तर, तुमची पाळी."

त्या दिवशी त्यांनी मला पास म्हणू दिलं नाही. नुसते बघत राहिले.

मी म्हणालो, "केलं."

"कंपाउंडरने केलं?"

"हो."

"का म्हणता?"

मी सांगितलं. लेखकाने त्याला फार चांगला केला आहे. तो आईचे पाय चेपतो. मांजरांना दूध घालतो. साक्ष देताना अडखळत नाही, त्याला प्रत्येक तारीख आठवते. निर्दोष माणूस असा नसतो. निर्दोष माणूस चिडतो. त्याला त्या दिवशी काय जेवलो ते आठवत नाही, कारण तो दिवस त्याच्यासाठी इतर दिवसांसारखाच होता. तो उलटसुलट बोलतो. वकिलावर ओरडतो. बायकोवर ओरडतो. आपण केलं नाही हे त्याला इतकं उघड वाटत असतं, की ते पटवून देण्याची तयारी त्याने केलेलीच नसते. या कंपाउंडरची तयारी झालेली आहे. म्हणून मला तो खोटा वाटतो.

प्रीतम हळूच बसला. मोतीबाईंनी दोरा कापला. शेवटच्या प्रकरणात डॉक्टरांचा कधी न आलेला पुतण्या येतो आणि मरताना कबुली देतो. कंपाउंडर निर्दोष. हरिचंद्रराव म्हणाले, "चहा आणा," आणि सगळे हसले. इतके हसले, की मीही हसलो.

कोर्टाच्या कादंबरीबद्दल मला जे म्हणायचं आहे, त्यातलं निम्मं त्या दिवशी बोलून झालं. तिने आरोपीला आपला लाडका करू नये. त्याला असा ठेवावा, की त्याच्याशेजारी बसायला जरा नको वाटेल. आणि तरीही त्याने केलं नसेल, तर? हा प्रश्न वाचकाच्या घरापर्यंत गेला, की कादंबरी जमली.

उरलेलं निम्मं त्याच संध्याकाळचं आहे. हरिचंद्रराव, हे मी तुम्हाला विचारलं नव्हतं. आता उठून जाऊ नका. ही स्तुती नाही.

आम्ही दोघं रिक्षास्टँडपर्यंत चालत गेलो. नेहमी जायचो. ते पावट्याच्या भावाबद्दल काही बोलत होते. मी त्यांना मधेच तोडलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल. मी केलं की नाही केलं?"

ते थांबले. म्हणाले, "मना ठाऊक नाय, मास्तर."

मी चालू लागलो. तेही चालू लागले.

म्हणाले, "मी कधी विचारलं नाही तुम्हाला. विचारलं असतं, तर तुम्ही नाही म्हणाला असता. मग ते मानायचं का नाही, हे मला ठरवावं लागलं असतं. मला ठरवायचं नव्हतं. मला तुमच्यासंगं बसायचं होतं."

मला हे उत्तर आवडलं नाही. आजही आवडत नाही. मला एक माणूस हवा होता, जो विचार न करता म्हणेल, तुम्ही नाही केलं. बायकोचं म्हणणं हिशेबात धरता येत नाही, वकिलांचं तर नाहीच. ताई, माफ करा. मला वाटलं होतं, तो माणूस हा आहे. मी रिक्षात बसलो आणि त्यांच्याकडे न बघता निघून आलो.

त्यानंतर मी काही शनिवार आलो नाही. घरी मुद्रितं वाचत होतो. एका पाककृतीच्या पुस्तकाची, एका आत्मचरित्राची. आत्मचरित्रातला माणूस पानोपानी निर्दोष होता. मग एके सकाळी मोतीबाईंचा फोन आला.

"मास्तर, पुस्तक कधीचं शिवून ठेवलंय. हे मला कापू देत नाहीत."

"का?"

"तुमचा निकाल राहिलाय म्हणतात. आता मला सांगा, मी किती दिवस थांबू? माझं दोऱ्यापर्यंत वाचून झालंय आणि मला वाटतं त्या मास्तरणीने केलं."

"तुम्ही मला शेवट सांगताय, मोतीबाई."

"मी कुठं सांगत्ये? मला तरी कुठं माहिताय? या तुम्ही."

मी गेलो. हरिचंद्ररावांनी खुर्ची सरकवली आणि पावट्याचं जे वाक्य त्या दिवशी तुटलं होतं, साधारण तिथूनच पुढे बोलू लागले. प्रीतमने माझा फोन हातात घेतला, तडकलेली काच बघितली आणि न विचारता खिशात टाकला. पुढच्या शनिवारी नवी काच बसवून आणली. मी पैसे विचारले, तर म्हणाला, "छोड़ो ना सर, दुकानात पडलीच होती." त्याने माफी मागितली नाही आणि मीही तो विषय काढला नाही. मी परत गेलो त्या दिवशी निकाल देताना म्हणालो, "नाही केलं." मोतीबाई मला आजही म्हणतात की मास्तरणीनेच केलं होतं. पुस्तकात तसं नाही. पण त्या पुस्तकाशी सहमत नाहीत.

हे सगळं मी का सांगितलं? कोर्ट फक्त एवढंच ठरवतं, की जे म्हटलं ते सिद्ध झालं की नाही. खरं काय घडलं, ते कोर्टाला कळतंच असं नाही. वाईट कादंबरी ती उणीव भरून काढते. पुतण्या आणते, माळी आणते, कबुली आणते. वाचक पुस्तक मिटतो आणि सुखाने झोपतो. सकाळी त्यातलं काही उरत नाही. चांगली कादंबरी वाचकाला न कळलेल्या माणसाबरोबर बसवून ठेवते. मला वाटतं, हे वाचकाला फारसं आवडत नाही. तो लेखकावर थोडा रागावतो. मीही एका माणसावर रागावलोच होतो.

हरिचंद्रराव आणि मोतीबाई उद्या जामनगरला मुलीकडे जात आहेत. कायमचे. जिज्ञासा दोन वर्षं मागे लागली होती. हरिचंद्ररावांच्या डोळ्यांचं दुखणं वाढलं आहे. डाव्या डोळ्याने अक्षर दिसत नाही, उजवा लवकर थकतो. वाचून दाखवणारं माणूस घरात हवं, आणि मोतीबाई वाचून दाखवताना मधेच स्वतःचं मत देतात, अशी त्यांची तक्रार आहे. मी म्हणालो, शनिवारी फोन करा, मी वाचीन. ते म्हणाले, करीन. माणसं निघताना असं म्हणतात. नाही झालं तरी माझी तक्रार नाही.

मंडळ चालू राहील. प्रीतम आहे, मनालीताई आहेत, मी आहे. वाचनालयाची किल्ली अध्यक्षांनी काल माझ्या हातात दिली. त्यांनी ती कुणाला द्यायची याचा विचार केला असेलच. दिली.

माझ्या घरी संध्याकाळी कुणी येत नाही. हे मी सहानुभूतीसाठी सांगत नाही, तशी ती वस्तुस्थिती आहे. आठवड्यातून एकदा एक माणूस मला बाजाराचे भाव सांगत रिक्षापर्यंत चालत यायचा. पुढच्या शनिवारी मी एकटा चालत जाईन. फार लांब नाही ते.

हरिचंद्रराव, आता तुमच्याशी एकच बोलायचं आहे. मला पोलिसांनी विचारलं. साहेबांनी विचारलं. कॉलेजच्या चौकशी समितीने तीन वेगवेगळ्या पद्धतींनी विचारलं. त्यांना मी उत्तर दिलं, कारण द्यावं लागलं, आणि ते कागदावर गेलं. कुणी न विचारता, स्वतःहून सांगावं, असा माणूस मला एकच भेटला, आणि त्याला मी अजून सांगितलेलं नाही. उद्या तुम्ही नसाल. म्हणून लोकांदेखत सांगतो.

तो फोटो मी काढला नाही. तो पेपर मी कुणाला दिला नाही.

तुम्ही काही ठरवू नका. आजही नको आणि तिकडे गेल्यावरही नको. फक्त ऐकून घ्या.

माझं बोलणं संपलं आहे. मला इथे उभं केल्याबद्दल मंडळाचा आभारी आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघणं मधेच सोडून दिलं, त्यांचा आभारी आहे. वैदेहीताई तारीख सोडून आल्या, त्यांचा आहे. मोतीबाईंचा तर किती प्रकारे आहे, ते सांगत बसत नाही.

भाषण संपताना क्षमा मागायची आपल्याकडे पद्धत आहे. वेळ जास्त घेतला असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, निरोपाच्या प्रसंगी स्वतःबद्दलच फार बोललो असेन, तर त्याची मला क्षमा करा.

तेवढ्याचीच.